गर्वाचे घर आणि घंगाळभर पाणी

‘गर्वाचे घर खाली’ ही म्हण आपण मुलांना लहानपणापासून ऐकवीत आलो. म्हण सर्वांना पाठ असते. पण घर खाली होण्याची वेळ येण्याआधीच त्यातला गर्व बाहेर कसा काढावा, हे मात्र तीत सांगितलेले नाही. दिवाळीपूर्वी आपण माळ्यावरची जळमटे काढतो, कोनाडे पुसतो, तांब्यापितळेची भांडी चिंचेने लख्ख करतो. मनाच्या माळ्यावर मात्र सहसा कोणाचा हात पोचत नाही.

मी ख्रिस्ती नाही. परंतु या एका बाबतीत ख्रिस्ती धर्माने केलेला विचार मला फार जवळचा वाटतो, आणि तो आपल्या वाचकांपुढे ठेवावा असे पुष्कळ दिवस मनात होते.

ख्रिस्ती परंपरेत सात महापापे सांगितली आहेत. सहाव्या शतकातील पोप ग्रेगरी यांनी गर्वाला या सर्वांचे मूळ मानले. खून नाही, चोरी नाही, गर्व! प्रथमदर्शनी हे चमत्कारिक वाटते. पण विचार करा: चोराला आपण चोर आहोत हे ठाऊक असते. गर्विष्ठाला मात्र आपण गर्विष्ठ आहोत हे कधीच ठाऊक नसते. शिवाय इतर दुर्गुण वाईट कर्मांवर पोसतात, तर गर्व चांगल्या कर्मांवर पोसतो. दान केले की दानाचा, विद्या मिळवली की विद्येचा आणि नमते घेतले की नम्रतेचाही गर्व होतो!

येशूने सांगितलेली एक गोष्ट याच मर्मावर बोट ठेवते. दोघे जण मंदिरात प्रार्थनेला गेले. एक होता धर्मनिष्ठ परूशी आणि दुसरा लोकांच्या तिरस्काराचा धनी झालेला जकातदार. पहिल्याने देवापुढे आपल्या उपासांचा आणि दानधर्माचा पाढा वाचला. दुसरा मान खाली घालून नुसती दया मागत राहिला. येशू म्हणतो, देवाच्या दृष्टीने निर्दोष ठरून घरी गेला तो दुसरा. पहिल्याने सांगितलेले खोटे होते असे नव्हे. परंतु त्याचे सारे लक्ष शेजारच्या माणसाहून आपण किती वर आहोत याकडेच होते.

हा उपदेश येशूने कृतीतही उतरवला. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री, शेवटच्या भोजनाच्या वेळी, तो पानावरून उठला. कमरेला रुमाल गुंडाळून त्याने भांड्यात पाणी ओतले आणि एकेका शिष्याचे पाय धुऊन पुसले. त्या धुळीच्या मुलखात पाहुण्यांचे पाय धुणे हे दासांचे काम. आपल्याकडे धाकट्याने थोरल्याच्या पाया पडायचे असते. येथे गुरूच शिष्यांच्या पायांपाशी बसला!

पेत्र नावाचा शिष्य पाय मागे घेऊ लागला. तुम्ही माझे पाय धुवायचे? छे, कदापि नाही! वरवर पाहता ही नम्रताच. पण येशूने ती मानली नाही. मला वाटते, या प्रसंगातला सर्वांत खोल धडा येथेच आहे. दुसऱ्याची सेवा करणे त्यामानाने सोपे असते, कारण त्यात देणारा हात वर राहतो. दुसऱ्याकडून सेवा घेणे मानी माणसाला फार जड जाते. आजारपणात सुनेच्या हातून पाणी घेतानाही संकोचणारी माणसे आपण पाहतोच ना?

ईस्टरपूर्वीच्या गुरुवारी कॅथलिक चर्चमध्ये हा प्रसंग आजही विधिपूर्वक पाळतात. धर्मगुरू गुडघे टेकून सामान्य माणसांचे पाय धुतो. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी रोममधील बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन बारा जणांचे पाय धुतले. त्यांत मुलीही होत्या, मुसलमानही होते. पुढे २०२५ मध्ये आजाराने थकलेले असतानाही त्या गुरुवारी ते तुरुंगात गेले. यंदा पाय धुणे मला जमणार नाही, पण तुमच्याजवळ यावेसे वाटले, अशा आशयाचे ते बोलले. त्यानंतर चारच दिवसांनी त्यांचे निधन झाले.

पण रोमपर्यंत कशाला जा? आपल्या मराठी मुलखातच या नम्रतेचा एक विलक्षण संसार होऊन गेला, तो म्हणजे नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचा. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो असे ते म्हणत. लक्ष्मीबाई मात्र माहेरच्या कडक सोवळ्यात वाढलेल्या. वडिलांच्या घरी बाजारातून आलेले मीठसुद्धा धुऊन घेत! नवऱ्याने धर्म बदलताच त्यांच्यावर आकाश कोसळले. काही वर्षे दोघे वेगळी राहिली. पुढे त्या नगरला आल्या, तरी त्यांची चूल निराळीच होती. टिळक स्वभावाने तापट. तरीही या बाबतीत त्यांनी बायकोवर सक्ती केली नाही. उलट तिचे सोवळे सांभाळले जाईल अशी तजवीज ते करीत राहिले. ज्या घरात नवऱ्याचा शब्द म्हणजे कायदा, त्या काळातली ही गोष्ट आहे.

मग राहुरीच्या मुक्कामी लक्ष्मीबाईंच्या मनाने स्वतःलाच प्रश्न केला: ही जात देवाने केली की माणसाने? उत्तर मिळाले, आणि जन्मभर जपलेले उच्चपण त्यांनी आपण होऊन खाली उतरवून ठेवले. कोणाच्याही हातचे खाणेपिणे त्यांना वर्ज्य राहिले नाही. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पंचा-धोतरापेक्षा सोवळ्याचा अभिमान सोडणे किती कठीण, हे आपल्या आजीला विचारा!

‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला नेहमी वाटते की, त्या पुस्तकाची गोडी याच नम्रतेत आहे. १९३४ पासून ते भागाभागाने प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई त्यात नवऱ्याचे दोष लपवीत नाहीत आणि स्वतःची फजितीही हसत हसत सांगतात. शाळेचे शिक्षण नसलेल्या या बाईने टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुरे केले. पण मोठेपणाचा आव कोठे नाही.

येथे एक खुलासा करायला हवा. नम्रता म्हणजे लाचारी नव्हे. गोऱ्या मिशनऱ्यांच्या काळातही टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तो एका भारतीय पाळकाच्या हातून. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारण्याचे काम हाती घेतले. ज्याला स्वतःचे मोठेपण मिरवायचे नसते, त्याला दुसऱ्याच्या मोठेपणाचे भयही उरत नाही.

आता आपल्या घराकडे वळू. दोघा भावांत वर्षानुवर्षे अबोला असतो. कारण कोणाला नीटसे आठवतही नसते. आठवते ते एवढेच की, आधी त्याने बोलायला हवे होते! सासू वाट पाहते सुनेने नमते घेण्याची, आणि सून सासूने गोड बोलण्याची. वडिलांची चूक झाली तर मुलापुढे ती कबूल करायला त्यांची जीभ रेटत नाही. अशा वेळी पहिले पाऊल कोणी टाकावे? आपला व्यवहार सांगतो, धाकट्याने. त्या रात्रीचा गुरू सांगतो, थोरल्याने. कारण ज्याच्याजवळ मोठेपण आहे, त्यालाच ते बाजूला ठेवता येते.

भाऊबिजेला तबक घेऊन बहीण वाट पाहत असेल. यंदा तिच्या दारात आधी थोरला भाऊ गेला, तर त्या घरातला दिवा अधिक उजळ दिसेल.