हवागाळणी, अतिभरित क्रीडा-मोटारगाडीची
अंतर्ज्वलन-एंजिनाने आत ओढलेल्या हवेतील धूळ अलग करणाऱ्या साधनास हवागाळणी म्हणतात. एक किग्रॅ. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास सु. १४·७ किग्रॅ. हवा लागते; म्हणजेच एक लिटर पेट्रोलमागे सु. ९,००० लि. हवा एंजिनातून जाते. रस्त्यावरील धुळीत क्वॉर्ट्‌झचे कण असतात. मोस मापश्रेणीत त्यांची कठिनता ७ असल्याने सिलिंडराचा पृष्ठभाग व दट्ट्याच्या कड्या त्यांमुळे खरवडल्या जातात. वंगण तेलाच्या पापुद्र्याच्या जाडीशी तुल्य असे सु. ५ ते २० मायक्रॉन आकारमानाचे कण विशेष घातक होत.

अतिभरक म्हणजे सुपरचार्जर. एंजिनाच्याच शक्तीने फिरणारा हा संपीडक हवा दाबून सिलिंडरात भरतो. या कल्पनेचे एकस्व गोटलीप डाइमलर यांनी १८८५ मध्ये घेतले होते. मर्सेडीझने १९२१ मध्ये अतिभरित मोटारगाड्या प्रदर्शनात मांडल्या. अनेक अतिभरक रूट्स पद्धतीचे असतात. त्यांतील दोन घूर्णकांमध्ये आणि घूर्णक व आवरण यांमध्ये अत्यल्प फट असते. धुळीने घूर्णकांची झीज झाली की, ही फट वाढून दाबलेली हवा मागे गळते. त्यामुळे अशा गाडीत गाळणीवर एंजिनाबरोबरच अतिभरकाच्या रक्षणाचीही जबाबदारी असते.

हवेचे प्रमाण : गाळणी निवडण्यापूर्वी तिच्यातून किती हवा जाणार हे काढावे लागते. २००६ मध्ये बाजारात आलेल्या लोटस एक्सीज एस या ब्रिटिश गाडीच्या एंजिनाची धारणा १,७९६ घ. सेंमी. होती. चार-धावी एंजिन दोन फेऱ्यांत एकदा भरते. त्यामुळे मिनिटास ८,००० फेऱ्यांना ते अतिभरणाविना सु. ७,२०० लि. हवा घेईल. अतिभरणाने हवेची घनता ३० टक्क्यांनी वाढते असे मानल्यास गाळणीतून मिनिटास सु. ९,३०० लि. हवा जाईल. साध्या एंजिनासाठी आखलेली गाळणी येथे अपुरी पडण्याचा संभव असतो.

दाबातील घट : गाळणी अतिभरकाच्या आधी असते. अतिभरक आत आलेल्या हवेचा दाब ठराविक पटीने वाढवितो, म्हणून गाळणीत झालेली घटही त्याच पटीने वाढते. दाब १·५ पट होत असेल, तर १ बार दाबाची हवा १·५ बार होते. परंतु गाळणीत ०·०३ बार घट झाल्यास ती १·४५५ बारपर्यंतच पोहोचते. यावर खरा उपाय विरळ माध्यम हा नसून मोठे क्षेत्रफळ हा होय. घड्या फार दाट नसतील, तर माध्यमाचे क्षेत्रफळ दुप्पट केल्याने त्यातील दाबघट सु. निम्मी होते आणि धूळ साठविण्याची क्षमताही वाढते.

माध्यमे : घड्यांचा कागद बारीक कण उत्तम रीतीने अडवितो, तो स्वस्त असतो व ठराविक अंतरानंतर बदलतात. तेल लावलेले सुती जाळीदार कापड धुऊन पुन्हा वापरता येते व हवेला कमी अडथळा करते. परंतु सामान्यतः त्यातून अधिक धूळ निसटते. तेल जास्त झाल्यास ते पुढे वाहून हवामापकाच्या तप्त तारेवर बसते व इंधनाचे प्रमाण बिघडते. तेलयुक्त फेस व कोरडे कृत्रिम तंतू हे आणखी दोन पर्याय आहेत. गाळण्यांची तुलना आयएसओ ५०११ या मानकानुसार केलेल्या चाचणीवरून करावी. ९९ व ९७ टक्के या कार्यक्षमतांतील फरक किरकोळ वाटतो. वस्तुतः दुसऱ्या गाळणीतून पहिलीच्या तिप्पट धूळ आत जाते.

हवेचे तापमान : एंजिनकक्षात उघडी बसविलेली शंकूच्या आकाराची गाळणी आकर्षक दिसते व तिचा आवाजही जोरकस असतो; परंतु ती एंजिनाने तापलेली हवा ओढते. समान दाबास २५° से. ऐवजी ५५° से. तापमानाची हवा घेतल्यास घनता सु. ९ टक्क्यांनी घटते. विरळ गाळणीने वाचविलेल्या दोन-तीन टक्के दाबापेक्षा हे नुकसान मोठे आहे. म्हणून बंद पेटी व बाहेरून थंड हवा आणणारी नळी ही व्यवस्था श्रेयस्कर ठरते. नळीचे तोंड मात्र फार खाली नसावे. साचलेले पाणी ओढले गेल्यास ते संपीडित होत नसल्याने संयोगदांडा वाकू शकतो.

निगा : गाळणी व अतिभरक यांमधील नळीत दाब वातावरणापेक्षा कमी असतो. त्यामुळे सैल पट्टा किंवा चिरलेली रबरी नळी न गाळलेली हवा आत घेते आणि उत्तम गाळणीही निरुपयोगी होते. गाळणीच्या पलीकडील नळीत धुळीचा थर दिसणे, ही याची निश्चित खूण होय. कागदी गाळणी थोडी मळली की तिची धूळ अडविण्याची क्षमता उलट वाढते. म्हणून केवळ रंग पाहून ती बदलू नये, तर दाबघट मोजून अथवा निर्मात्याने सांगितलेल्या अंतरानंतर बदलावी. धुळीच्या प्रदेशात हे अंतर कमी करावे लागते.

शर्यतीच्या गाडीचे एंजिन वारंवार उघडून दुरुस्त केले जाते, म्हणून तेथे थोडी अधिक झीज पत्करता येते. रस्त्यावर वर्षानुवर्षे चालवावयाच्या गाडीसाठी मात्र मोठ्या क्षेत्रफळाची, कागदी अथवा तत्सम कार्यक्षमतेची, बंद पेटीतील गाळणी हीच योग्य निवड ठरते.