घरची शाळा कोणाला परवडते?

सुखवस्तू घरांत सध्या ‘होमस्कूलिंग’चे वारे आहे. मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवायचे. याला कायदा काय म्हणतो?

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १० सांगते की, ६ ते १४ वयाच्या पाल्याला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य आहे. मात्र कर्तव्य मोडणाऱ्या पालकाला त्यात शिक्षा नाही. घरी शिकवण्यासाठी परवाना, नोंदणी वा तपासणी यांचीही तरतूद नाही. पुढे मुक्त विद्यालयातून किंवा १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसता येते. या फटीतूनच घरची शाळा चालते.

ज्याच्या घरात पुस्तके आहेत, शिकलेली आई रिकामी आहे, त्याचे यात काही बिघडत नाही. पण मेहकर तालुक्यातील जानेफळच्या परिसरात ‘घरी राहिलेले मूल’ म्हणजे काय? धाकट्या भावंडाला सांभाळणारी पोर, नाहीतर मायबापामागे ऊसतोडीला, वीटभट्टीवर गेलेला पोरगा! त्याला कोणी होमस्कूलिंग म्हणत नाही. तो ‘शाळाबाह्य’ ठरतो. एकाच कायद्याखाली एकाची ती आवड आणि दुसऱ्याची ती लाचारी!

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. राजर्षी शाहूंनी १९१७ साली कोल्हापुरात ते सक्तीचे करून, मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत, शिक्षणाआधी ‘प्राथमिक’ हा शब्द घालण्याची सूचना नाकारताना बाबासाहेबांनी बजावले की, चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवायचे नसेल तर त्याला शिक्षणसंस्थेतच गुंतवून ठेवले पाहिजे. शाळेची सक्ती ही आमच्या मुलांची ढाल आहे, ती अशी!

म्हणून घरी शिकवणाऱ्यांवर आमचा राग नाही. पण त्यांनी पंचायत समितीच्या किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागात नोंद करावी, मूल काय शिकते ते दरवर्षी तपासले जावे, अशी तरतूद हवी. नाहीतर ‘घरी शिकतो’ एवढ्या उत्तरावर उद्या बालमजुरीही झाकली जाईल. आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना शाळेत दाखल करून घेणे हे कलम ९ नुसार स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. पालकाला त्याचे कर्तव्य शिकवण्याआधी शासनाने आपले पाळावे!