शॉकपच्या ओठात अडकलेला कण

पावसाळ्यात शेवगावच्या कुठल्याही गॅरेजवर जा, पुढच्या शॉकपवरून तेल ओघळलेली एखादी गाडी तिथं उभी असतेच. तेलावर काळी माती बसून तिचं कीट झालेलं असतं. मालक म्हणतो, ‘सील बदलून द्या.’ सील बदललं जातं आणि थोड्याच दिवसांत तीच गाडी पुन्हा दारात येते. सील बिचारं बरेचदा धड असतं. खोट असते ती त्यात शिरलेल्या मातीची.

शॉकप म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या, आत स्प्रिंग आणि तेल. खड्ड्यात स्प्रिंग दबते, पण घेतलेली ऊर्जा ती लगेच परत फेकते. नुसत्या स्प्रिंगवर गाडी उड्या मारतच राहील. तेल बारीक छिद्रांतून रेटलं जातं आणि त्या ओढाताणीत उसळीची उष्णता होऊन जाते. तेलानं उसळी जिरवणारा असा फोर्क, म्हणजे पुढचा शॉकप, १९३५ मध्ये बीएमडब्ल्यूच्या आर १२ या गाडीवर आला. आज शेवगावपासून फार लांब नसलेल्या वाळूजला एन्ड्युरन्स कंपनी असेच फोर्क बनवते. तेलाच्या वरची मोकळी जागाही रिकामी नसते. तिथली हवा दबली की दुसऱ्या स्प्रिंगचं काम करते. म्हणून ‘थोडं जास्तच टाका’ म्हणून भरलेलं तेल शॉकप कडक करतं, शिवाय सीलवर दाब वाढवतं.

मोटोक्रॉसच्या गाडीचा फोर्क साधारण ३०० मिलिमीटर दबतो, एक्सपल्स २०० या गाडीचा १९०. आपल्या रोजच्या गाडीला जेमतेम शंभराच्या आसपास वाव मिळतो आणि तीच आपण उसाच्या ट्रॅक्टरांनी पाडलेल्या चाकोऱ्यांतून नेतो. काळी माती ओली असताना फुगून चिकटते, वाळली की शॉकपच्या आतल्या चकचकीत नळीवर, म्हणजे पाइपवर, तिची खपली धरते. तिच्यात मुरमाची कच आणि वाळूही असते. वाळूतलं क्वार्ट्झ चांगलंच कठीण असतं. सीलचा रबरी ओठ पाइपवरच्या क्रोमवर घट्ट टेकलेला असतो. कण खाली शिरला की ओठ केसभर उचलला जातो. तेलाला तेवढी वाट पुरते.

पैठण रोडवरच्या एका गॅरेजात मी हे जवळून पाहिलं. मिस्त्रीनं वरचं डस्ट सील हलकेच सोडवलं. जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी कापून तिच्या टोकाला आकडा केला, ती ओठाखाली सरकवली आणि पाइपभोवती फिरवली. बाहेर आला खसखशीएवढा तपकिरी खडा. ‘भाऊ, सील कशाला टाकायचं? कचरा होता बघा.’ पाइप पुसून त्यानं हँडल दहा-बारा वेळा दाबलं. पाइप कोरडा! मग त्यानं पाइपवरून नख फिरवायला लावलं. एका जागी नख अडलं. तिथं गंजाचा टिपका होता. तेलात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरनं त्यानं तो हळूहळू घासला. खड्डा खोल असता तर पाइपच बदलावा लागला असता, कारण तसल्या पाइपवर नवं सीलही फाटतं. नख फिरवल्याशिवाय सील बदलून घेऊ नका, एवढं मी आग्रहानं सांगेन.

गळतीऐवजी टकटक आवाज आला तर शॉकपला दोष देण्याआधी पुढचं चाक उचलून दोन्ही शॉकप खालून धरा आणि मागेपुढे हलवा. खेळ लागला तर बहुधा कोनसेट, म्हणजे हँडलची बेअरिंग, ढिला आहे. गाडी पडून हँडल तिरकं झालं, तरी पाइप वाकलाच असं नाही. कधी कधी तो नुसता पकडीत पिळला जातो, बोल्ट सैल करून सरळ करता येतो. ब्रेक दाबताच गाडी नाक टेकत असेल तर बहुधा तेल पातळ झालंय किंवा कमी आहे. दोन्ही बाजूंना कंपनीनं सांगितलेलं शॉकपचंच तेल, सारख्या मापानं भरा. आणि गळती डिस्क ब्रेकपर्यंत पोचली असेल तर एक दिवसही थांबू नका. तेल प्यायलेले पॅड धुऊन भरवशाचे होत नाहीत.

वॉशिंग सेंटरवर पाण्याचा फवारा थेट सीलवर धरू देऊ नका, तो चिखल आत ठोसतो. शेतातून आल्यावर बादलीभर पाणी ओता आणि माती वाळायच्या आत दोन्ही पाइप ओल्या फडक्यानं पुसून घ्या.