टेनपिनचा गोळा आणि त्याचे वळण

कॅरमच्या फळीवर पावडर अंमळ जास्त पडली, म्हणजे सोंगटी कशी सुळकन निघून जाते आणि कोरड्या जागी येताच कशी रेंगाळते, हे आमच्या बहुतेक बालवाचकांनी पाहिलेच असेल. या साध्या अनुभवाच्या शिदोरीवर आज आपण एका परदेशी खेळातील मौजेची गोष्ट समजून घेऊ. तो खेळ म्हणजे टेनपिन बोलिंग. आजचे त्याचे रूप अमेरिकेत घडले.

या खेळात गुळगुळीत पट्टीवरून जड गोळा सोडून, टोकाशी त्रिकोणात उभ्या केलेल्या १० पिना पाडावयाच्या असतात. गोळा सोडण्याच्या रेषेपासून पहिली पिन ६० फूट दूर असते. पट्टीची रुंदी सुमारे साडेएकेचाळीस इंच, गोळ्याचा व्यास सुमारे साडेआठ इंच, आणि त्याचे वजन १६ पौंडांहून अधिक चालत नाही. प्रत्येक पिन १५ इंच उंच व सुमारे साडेतीन पौंड वजनाची असते.

आता कोणी विचारील, की गोळा सरळच का टाकू नये? याचे उत्तर पिनांच्या वजनात आहे. पहिल्या पिनेवर आदळताच सरळ आलेला गोळा बाजूला ढकलला जातो आणि मधल्या पिना उभ्याच राहतात. उजव्या हाताच्या खेळाडूने पहिल्या व तिसऱ्या पिनेच्या मधील फटीत गोळा तिरका घातला, तर तो आपली वाट न सोडता आत शिरतो. अशा उत्तम फेकीत गोळा स्वतः केवळ चार पिनांना स्पर्श करतो. उरलेल्या सहा पिना एकमेकींना पाडतात. सरळ टाकलेल्या गोळ्यास पट्टीच्या अगदी कडेवरूनही दीड अंशाचा कोन लाभत नाही. वळणाऱ्या गोळ्यास चार ते सहा अंशांचा लाभतो. या वळणासच ‘हूक’ म्हणतात.

हे वळण येते कोठून? पट्टीच्या पहिल्या सुमारे ४० फुटांवर तेल दिलेले असते व पुढील भाग कोरडा असतो. बोटांनी तिरकी फिरकी दिलेला गोळा तेलावर आधी घसरतो, कोरड्या भागात घर्षण मिळताच वळतो आणि शेवटी लोळू लागतो. घसरण, वळण व लोळण या त्या तीन अवस्था होत. वळण एकदम झटक्याने आले, तर पट्टीवरील तेलात थोडा फरक पडताच नेम चुकतो. तेच वळण नदीच्या वाकणासारखे संथ असेल, तर लहानसहान चुका पोटात घातल्या जातात. म्हणूनच अनुभवी खेळाडूही कित्येकदा संथ वळणाचा गोळा मुद्दाम निवडतात.

निवडीत पहिला विचार कवचाचा. जुन्या काळी गोळे लिग्नम व्हायटी नावाच्या अतिशय कठीण लाकडाचे असत. १९०५ साली रबराचा गोळा आला. पुढे पॉलिएस्टर, १९८०च्या दशकात युरेथेन आणि १९९०च्या दशकाच्या आरंभी रिॲक्टिव्ह रेझिन आले. पॉलिएस्टरचा गोळा जवळजवळ सरळ जातो. चकचकीत रेझिनचा तेलावर लांब घसरतो व कोरड्या जागी झपकन वळतो. युरेथेनचा लवकर पकड घेऊन सावकाश वळतो. रेझिनच्या गोळ्याचा पृष्ठभागही घासून मंद केला, तर त्याचे वळण लवकर सुरू होऊन लांबवर पसरते.

दुसरा विचार गाभ्याचा. आतील वस्तुमान मध्याजवळ एकवटलेले असेल, तर गोळा लवकर लोळू लागतो. बाहेरच्या अंगास असेल, तर उशिरा. शिवाय गाभा सर्व दिशांनी सारखा नसल्यामुळे गोळ्याचा फिरण्याचा अक्ष वाटेत सरकत जातो व कवचाचा नवा, कोरडा भाग पट्टीस टेकत राहतो. परत आलेल्या गोळ्यावर तेलाची वर्तुळे शेजारी शेजारी उमटलेली दिसतात, ती याचमुळे. अक्ष जितका कमी सरकेल, तितके वळण सौम्य.

येथेच छिद्रे पाडणाऱ्या कारागिराचे कसब लागते. गोळा हातून सुटताना ज्या बिंदूभोवती फिरतो, तो अक्षबिंदू कारागीर आधी शोधून काढतो. गाभ्याचा माथा कोठे आहे, हे गोळ्यावरील एक रंगीत ठिपका दाखवितो. या दोहोंत सुमारे ३⅜ इंच अंतर ठेवल्यास अक्ष सर्वांत अधिक सरकतो. संथ वळण हवे असल्यास ते अंतर दोन इंचांच्या आसपास आणतात, किंवा ठिपका बोटांच्या छिद्रांखाली येईल अशी आखणी करतात. पूर्वी समतोलासाठी एक जादा छिद्र पाडीत. परंतु अमेरिकेतील युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसच्या नियमांनुसार १ ऑगस्ट २०२० पासून पकडीसाठी न वापरलेले छिद्र चालत नाही.

तथापि या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट आम्ही मुद्दाम शेवटी ठेवली आहे. ती म्हणजे खेळणाऱ्याचा हात. अंगठ्याचे छिद्र सैल असेल, तर गोळा निसटेल या भीतीने मूल तो आवळून धरते; मग मनगट दुखते व फेक अडखळते. अंगठा व बोटे यांतील अंतर जास्त असेल, तर शिरा ताणल्या जातात. गोळा झेपण्यापलीकडे जड असेल, तर खांदाच झुकतो. वाढत्या वयात हात दर वर्षी बदलतो. म्हणून जुनी छिद्रे बुजवून नवी पाडून घेण्यात कमीपणा नाही. भारी गोळ्याचा हट्ट धरणाऱ्या मुलास पालकांनी इतकेच सांगावे, की वळण गोळ्यात अर्धे असेल, तर उरलेले अर्धे न दुखणाऱ्या, मोकळ्या हातात असते. आधी हात मापावा, मग गोळा निवडावा आणि सर्वांत शेवटी छिद्रे पाडावी. हा क्रम ज्याने पाळला, त्याचा गोळा वळेलच. आणि एखादे दिवशी न वळला, तरी त्याचा हात दुसऱ्या दिवशीच्या खेळासाठी शाबूत राहील.