काचेवरची रेघ

‘हे तं मोबाईलनं काढलं, तुयं त्यात काय?’ वाशीम जिल्ह्यात मोबाईलवर चित्र काढणाऱ्या मुलामुलींच्या वाट्याला हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. मोबाईल फोटो काढतो, त्याला फुलांची चौकट लावतो, वाढदिवसाचं पोस्टर दोन मिनिटांत तयार करून देतो. मग चित्रही तोच काढत असेल, असं कुणालाही वाटेल. पण ज्यानं ते चित्र काढण्यात चार संध्याकाळी घातलेल्या असतात, त्याच्या जिव्हारी हा प्रश्न लागतो. म्हणून या छंदात नेमकं काय घडतं, ते ज्यांनी कधी पाहिलेलं नाही अशा आईवडिलांसाठी, आजीआजोबांसाठी आणि शाळेतल्या गुरुजींसाठी हे लिहितो आहे.

चित्रकलेचं ॲप उघडलं की समोर येतो तो कोरा पांढरा चौकोन. त्यात काहीही नसतं. बोट काचेवर टेकलं की त्या जागची विद्युतधारिता किंचित बदलते आणि बोट कुठं आहे ते फोनला कळतं. बोट सरकेल तशी रेघ उमटत जाते. यंत्राचं काम इथंच संपतं. रेघ कुठून कुठवर न्यायची, बैलाच्या वशिंडाची गोलाई किती ठेवायची, उजेड डावीकडून येत असेल तर सावली कुठं पाडायची, यातलं ॲपला काही ठाऊक नसतं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेल्यांना वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे विषय आठवत असतील. त्या कागदांवर ज्याची घागर एका बाजूला कलायची, त्याची ती काचेवरही कलते. उलट काच जरा जास्तच निष्ठुर आहे. ती गुळगुळीत असल्यानं बोट घसरतं, कागदाच्या खरखरीचा आधार मिळत नाही, आणि बोटाच्या टोकाखाली नेमकं काय उमटतंय ते बोटानंच झाकलेलं असतं.

मग या माध्यमाचा फायदा कोणता? पहिला आणि सगळ्यांत मोठा म्हणजे थर. डिजिटल चित्र एका पृष्ठावर नसतं; एकावर एक ठेवलेल्या अनेक पारदर्शक पृष्ठांचं ते बनलेलं असतं. कच्चं रेखाटन सर्वांत खाली, त्यावर सपाट रंग, मग सावल्या, मग पक्की रेघ, सर्वांत वर उजेडाचे ठिपके. आकाश बिघडलं तर आकाशाचा थर पुसायचा, झाडाला धक्का लागत नाही. फोटोशॉपमध्ये ही सोय १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून आली. आज फुकटच्या ॲपमध्येही ती असते. दुसरा फायदा मागे जाण्याचा. चुकलेली रेघ एका टिचकीनं नाहीशी होते, कागद वाया जात नाही, रंगाची बाटली संपत नाही. ज्या घरात ड्रॉइंगच्या कागदासाठीही हिशेब करावा लागतो, तिथं या सोयीचं मोल फार आहे. मात्र तिचा एक तोटाही सांगायला हवा. मागे जाता येतं म्हणून पुढं जायचंच नाही, एकच डोळा वीस वेळा पुसायचा, हा रोग नवशिक्यांना लवकर जडतो. त्यावर उपाय एकच, रोज थोडी साधी रेखाटनं करायची आणि त्यांत काहीही पुसायचं नाही.

थोडं गणितही सांगतो, कारण निम्मा मनस्ताप ते माहीत नसल्यानं होतो. छापण्याजोगं ए-फोर आकाराचं चित्र हवं असेल तर दर इंचाला ३०० ठिपके या हिशेबानं ते २४८० गुणिले ३५०८ ठिपक्यांचं असावं लागतं. म्हणजे जवळपास ८७ लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग आणि पारदर्शकता लक्षात ठेवायला चार बाइट लागतात, म्हणजे एका थराला सुमारे ३५ एमबी. दहा थर झाले की साडेतीनशे. स्वस्त फोन मधेच अडखळतो किंवा ‘आणखी थर घेता येणार नाहीत’ असं सांगतो, त्याचं कारण हे. आणि मोबाईलच्या पडद्यावर सुंदर दिसणारं लहान चित्र फ्लेक्सवर मोठं करायला दिलं की चिंध्या झाल्यासारखं दिसतं, त्याचंही कारण हेच. चित्र सुरू करण्यापूर्वीच आकार ठरवावा लागतो. नंतर ओढून ताणून ठिपके वाढत नाहीत. रंगांचंही असंच. पडदा लाल, हिरवा आणि निळा उजेड मिसळून १ कोटी ६७ लाखांवर रंग दाखवू शकतो, छापखाना मात्र निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाईंत काम करतो. पडद्यावरचा झगझगीत पोपटी कागदावर मंद उतरतो. त्यात ना दुकानदाराचा दोष असतो ना चित्रकाराचा.

इतके रंग हाताशी असताना नवशिक्यानं काय करावं? माझं मत स्पष्ट आहे, पाच-सहा रंगच घ्यावेत. आणि हे सांगताना मला आपल्याच जिल्ह्याच्या जुन्या नात्याची आठवण होते. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेचा राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं खोदवून घेतलं. तसा शिलालेख त्या लेण्यात आहे. जगभर ‘मरणासन्न राजकुमारी’ म्हणून ओळखलं जाणारं चित्र याच लेण्यातलं. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या भिंती रंगवणाऱ्यांकडे होते तांबडी आणि पिवळी गेरू, हिरवी माती, काजळी, पांढरा आणि दुरून आणलेल्या लाजवर्द दगडाचा निळा. एवढ्यावर त्यांनी माणसाच्या कातडीखालचं रक्त दाखवलं. वाशीमच्या शाळकरी मुलांना अजिंठा ‘तिकडे संभाजीनगरकडे’ असलेली सहलीची जागा म्हणून माहीत असते. ते वैभव आपल्या गावच्या दरबारातून उभं राहिलं, हे फार थोड्यांना सांगितलं जातं.

अजिंठ्याच्या नकलांचा इतिहास डिजिटल चित्रकाराला विशेष जवळचा वाटावा असा आहे. १८४४ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीनं मद्रास फौजेतल्या रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याला ही चित्रं उतरवून घ्यायला नेमलं. त्यानं वर्षानुवर्षं लेण्यांत बसून मोठमोठ्या तैलचित्रांत नकला केल्या. त्या लंडनला गेल्या आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा तेच काम सुरू केलं. तेरा वर्षं लोटली. १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाला आग लागून त्यांतल्याही पुष्कळ नकला गेल्या. पुढं लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस आणि असितकुमार हलदार अजिंठ्याला आले आणि त्यांनीही नकला केल्या. या सगळ्या मेहनतीत एक दुःखाची गोष्टही घडली. रंग उठून दिसावेत, टिकावेत म्हणून मूळ भिंतींवर वेळोवेळी वॉर्निश चढवलं गेलं. ते पिवळं पडत गेलं आणि चित्रं आणखी झाकोळली.

आजची पद्धत भिंतीला बोटही लावत नाही. नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांनी अनेक वर्षं खपून अजिंठ्याची चित्रं छायाचित्रांत उतरवली आणि संगणकावर त्यांचे गळालेले, काळवंडलेले भाग पुन्हा उभे केले. हे काम मला या सगळ्या क्षेत्रातलं सर्वांत अनुकरणीय वाटतं. छायाचित्र खालच्या थरात राहतं, दुरुस्ती वरच्या थरात होते. वरचा थर बंद केला की भिंत आज आहे तशी दिसते. चालू केला की ती कधीकाळी कशी असेल याचा एक अभ्यासू अंदाज दिसतो. खरं काय आणि अंदाज कोणता, हे पाहणाऱ्याला वेगळं करून दाखवता येतं. गिल आणि ग्रिफिथ्स यांच्या हाती ही सोय नव्हती.

जगात हा छंद रुजला तो टप्प्याटप्प्यानं. १९६३ मध्ये इव्हान सदरलँड यांनी एमआयटीत पडद्यावर प्रकाशलेखणीनं आकृत्या काढून दाखवल्या. १९८४ मध्ये मॅकपेंट आलं, १९८५ मध्ये विंडोजबरोबर पेंट आलं, १९९० मध्ये फोटोशॉप. जपानच्या वॅकॉम कंपनीनं दाब ओळखणारी लेखणी घरोघर नेली. डेव्हिड हॉकनी या ख्यातनाम ब्रिटिश चित्रकारानं सत्तरीत पोचल्यावर आयफोन आणि आयपॅड हातात घेतला आणि २०१२ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत त्या चित्रांचे भलेमोठे छाप भिंतीवर लावले. जपानचे तात्सुओ होरिउची यांनी तर निवृत्तीनंतर, संगणकात आधीपासून होतं म्हणून, हिशेबाच्या एक्सेलमध्ये डोंगर आणि चेरीची झाडं रंगवली. साठी उलटलेल्या वाचकांनी हे नाव जरूर ध्यानात ठेवावं.

आपल्याकडे सुरुवात करायला काय लागतं? घरात असलेला अँड्रॉइड फोन आणि इबिस पेंटसारखं फुकट मिळणारं ॲप. बोटाऐवजी मऊ टोकाची साधी लेखणी वापरली तर दिसायला सोपं पडतं, पण तिला दाब कळत नाही. जोर दिला म्हणून रेघ जाड होत नाही. दाब ओळखणारी पाटी, म्हणजे ड्रॉइंग टॅब्लेट, संगणकाला जोडली की हाताला खरी मोकळीक मिळते. संगणक असेल तर क्रिता हे चित्रांसाठी, इंकस्केप हे अक्षरं आणि बोधचिन्हांसाठी, ब्लेंडर हे त्रिमितीसाठी. तिन्ही पूर्ण मोफत. ब्लेंडरवर बनलेल्या लाटव्हियाच्या ‘फ्लो’ या चित्रपटाला २०२५ चं ॲनिमेशनचं ऑस्कर मिळालं, त्यामुळे फुकट म्हणजे कमअस्सल हा समज सोडायला हरकत नाही. चोरीचं सॉफ्टवेअर टाकून घ्यायची तर मुळीच गरज नाही.

विषयांसाठी लांब जायला नको. पोहरादेवीला बंजारा समाजाची काशी म्हणतात. तिथल्या नंगारा संग्रहालयाचं ५ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालं. बंजारा बायांच्या भरतकामातली आरसे, कवड्या आणि चौकटींची मांडणी ॲपमधल्या सममितीच्या साधनावर काढून पाहावी. एका बाजूला टाका काढला की समोरच्या बाजूला तो आपोआप उमटतो, आणि मग कळतं की त्या बायांनी हा हिशेब डोक्यात ठेवून, सुईनं, एकेक टाका मोजत केला आहे. कारंजाच्या सोहोळ अभयारण्यातले काळवीट आहेत, शिरपूरची जैन मंदिरं आहेत, वाशीमचं बालाजी मंदिर आणि पद्मतीर्थ आहे, सोयाबीन काढणीच्या दिवसांतली शेतं आहेत. अक्षरांची आवड असेल त्यांनी देवनागरीकडे वळावं. विंडोजमधला मंगल हा फाँट र. कृ. जोशी या मराठी अक्षरकारानं घडवला. संगणकावरच्या मराठीचं रूप असं आपल्याच माणसाच्या हातून ठरलेलं आहे. इथल्या फ्लेक्सच्या दुकानांत बसणारी मुलं रोज अक्षरांशीच खेळतात. त्यांना कुणी कलाकार म्हणत नाही. मी म्हणतो.

आता सर्वांच्या मनातला विषय. २०२२ पासून वाक्य लिहिलं की चित्र तयार करून देणारी यंत्रं सगळ्यांच्या हाती आली. मार्च २०२५ मध्ये तर गावोगावच्या स्टेटसवर लोकांचे फोटो जपानच्या घिबली स्टुडिओच्या शैलीत दिसू लागले. ज्या स्टुडिओचं नाव हातानं काढलेल्या हजारो चित्रांवर उभं आहे, त्याची छाप कळ दाबून लावली गेली. अशी चित्रं करणं आणि डिजिटल चित्रकला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत माणूस मागणी करतो, दुसरीत काढतो. या गोंधळाचा सर्वांत मोठा फटका हातानं काढणाऱ्या मुलांना बसला आहे. आता त्यांच्यावर संशय दुप्पट घेतला जातो. त्याला उत्तर त्यांच्या ॲपमध्येच आहे. इबिस पेंटसारखी ॲप चित्र घडताना त्याची नोंद ठेवतात आणि शेवटी व्हिडिओ करून देतात. पहिल्या डळमळत्या रेघेपासून शेवटच्या ठिपक्यापर्यंत, पुसलेल्या चुकांसह, सगळं दिसतं. तैलचित्र काढणाऱ्याला आपल्या मेहनतीचा असा पुरावा सहज कधी देता आला नाही. मुलांनी तो दाखवावा, मोठ्यांनी तो शेवटपर्यंत पाहावा.

एका बाबतीत मात्र या छंदाची मंडळी फार बेफिकीर असतात, ती म्हणजे जतन. अँडी वॉरहॉलनं १९८५ मध्ये अमिगा संगणकावर चित्रं केली होती. त्या फ्लॉप्या तशाच पडून राहिल्या आणि त्यांतली चित्रं २०१४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणक मंडळानं महत्प्रयासानं बाहेर काढली. एवढ्या नावाजलेल्या माणसाची ही गत, तर फोन बदलला की आपली चित्रं कुठं जातील? व्हॉट्सॲपवर पाठवलेलं चित्र दाबून लहान केलेलं असतं, ते जतन नव्हे. थरांसकट मूळ फाइल दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावी, नाव आणि तारीख घालून ठेवावी, आणि वर्षातून दोन-तीन आवडती चित्रं चांगल्या कागदावर छापून घ्यावीत.

छापण्यावरून दिवाळी अंक आठवतात. त्यांची सुरुवात का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’पासून, १९०९ मध्ये झाली असं मानलं जातं. दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठांनी पुढं या अंकांना रूप दिलं. आज जिल्ह्याजिल्ह्यांतून निघणाऱ्या अंकांत मात्र आतली चित्रं पुष्कळदा इंटरनेटवरून उचललेली असतात. संपादकांना माझी विनंती आहे, पुढच्या वर्षीच्या अंकासाठी वाशीम, कारंजा, मानोऱ्याच्या शाळा-महाविद्यालयांतून चित्रं मागवा. लेख जूनमध्येच त्या मुलांच्या हाती द्या, चित्र ३०० ठिपक्यांचं हवं असं आधीच सांगा, चित्राखाली नाव छापा आणि मानधन द्या, मग ते थोडं का असेना.