जुन्या मोटारीला नवी पिचकारी

पिचकारी म्हटली की इंदूरकरांना रंगपंचमीची गेर आठवावी, हे साहजिकच आहे. पण आज जिची गोष्ट सांगावयाची आहे तिच्यातून रंग उडत नाही. मोटारीच्या पुढच्या काचेवर चूळभर पाणी उडवावे, एवढेच तिचे काम. तथापि घरात आजोबांच्या वेळची मोटार असेल, तर ती पिचकारी बसवावी की नाही यावरून दोन पिढ्यांत चांगलेच वाजते.

होळकरांच्या या नगरीला मोटारींचे कौतुक जुनेच. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी विलायतेतील गर्नी नटिंग कंपनीने अमेरिकन ड्यूसेनबर्गच्या सांगाड्यावर जी दोन आसनी गाडी घडविली, तिचे नाव जगभरचे शौकीन आजही घेतात. पुढे वकील-डॉक्टरांच्या दारीही ऑस्टिन, मॉरिस, फियाट आल्या. त्या काळी श्रीमंतांच्या गाडीत काच धुण्याचे यंत्र नसले तरी अडत नसे, कारण माणूस होता. शोफरशेजारी क्लीनर बसे. काच मळली की खाली उतरून तो ओले फडके फिरवी. फडके राहिले, क्लीनर गेला.

वायपर तसा जुना. अमेरिकेतील मेरी अँडरसन बाईंनी आत बसून दांडीने फिरवावयाच्या वायपरचे पेटंट १९०३ मध्येच मिळविले. पाण्याच्या फवाऱ्याची सक्ती मात्र तिकडेही नव्या मोटारींना १९६८ पासून झाली. परंतु धूळभरल्या काचेवर कोरडा वायपर फिरविणे म्हणजे आपल्याच हाताने काच घासणे होय. त्यात माळव्याची धूळ आणि वर मृगाची चार थेंबांची सर! काचेवर चिखलाचे अर्धवर्तुळ उमटते आणि त्यातील कण कायमचे ओरखडे काढतात. अशा काचेवर मावळतीचे ऊन पडले, किंवा आग्रा-मुंबई रस्त्यावर समोरून ट्रकचे दिवे आले, म्हणजे पुढचा सायकलवाला दिसेनासा होतो. तेव्हा प्रश्न शोभेचा नव्हे, जिवाचा आहे.

वडीलधाऱ्यांचा आक्षेपही खोटा नाही. साठ-सत्तर वर्षे जपलेल्या पत्र्याला भोक एकदा पडले की पडले. पण जुन्या वाड्यात वीज घेताना शहाण्या माणसाने कोरीव खांबाला छिद्र पाडले नाही. तारा तुळईच्या आडून, लाकडी पट्टीवरून नेल्या. मोटारीलाही तोच न्याय लावावा. जुन्या मोटारींच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये मान्य केलेल्या तुरिनच्या सनदेचे तत्त्वही हेच आहे: फेरफार करणे भागच पडले, तर तो नजरेत न भरणारा व पुन्हा काढता येण्याजोगा असावा. आपल्याकडील २०२१ च्या नियमांनीही पन्नास वर्षांवरील मोटारीला ‘व्हिंटेज’ नोंदणी देताना चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसावा, अशी अट घातली आहे. भोक न पाडता बसविलेल्या पिचकारीने यातील कशालाच धक्का लागत नाही.

आता प्रत्यक्ष काम. सर्वांत निर्धोक तो हातपंप. डॅशबोर्डाखाली आधीच्याच स्क्रूवर पट्टी अडकवून तो बसतो आणि बॅटरीकडे काही मागत नाही. विजेचा पंप हवाच असेल तर आधी बॅटरी पाहावी. जुन्या पुष्कळ अमेरिकन गाड्या ६ व्होल्टच्या. त्यांवर १२ व्होल्टचा पंप रडतखडत चालतो. अनेक विलायती गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. तेथे नेहमीच्या सवयीने तारा जोडल्या तर पंप उलटा फिरतो. अशा वेळी तारांची अदलाबदल करावी, पंपाला स्वतंत्र फ्यूज द्यावा आणि जुने वायरिंग मुळीच कापू नये. टाकी लिटरभराची पुरे. ती एक्झॉस्टपासून दूर ठेवावी. नळी केबलच्या जुन्याच भोकातून न्यावी आणि तीत एकमार्गी झडप घालावी, नाहीतर पाणी मागे उतरते व दर वेळी पंप पुन्हा पुन्हा दाबावा लागतो. तोटी बॉनेटवर न लावता वायपरच्या दांडीला चिमट्याने लावावी. ज्या जुन्या गाड्यांची पुढची काच उघडते आणि वायपर तिच्याच चौकटीवर असतो, तेथे तर हाच उपाय. काच कशीही कलली तरी पाणी नेमके पडते.

पाणीही पाहून भरावे. बोअरिंगच्या क्षारांनी तोटी बुजते. नळाला येणारे नर्मदेचे पाणी गाळून घ्यावे. कपड्यांचा साबण घालू नये, आणि बाजारातील स्पिरिटमिश्रित द्रव जुन्या सेल्युलोज रंगावर पडू देऊ नये. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी.

शेवटी, काय बसविले व केव्हा बसविले, याची चिठ्ठी गाडीच्या कागदपत्रांत ठेवावी. उद्या नातवाने ती पिचकारी काढावयाची म्हटली, तर एक पाना आणि थोडा वेळ पुरावा. आणि गाडी आजोबांनी ठेवली होती तशीच त्याच्या हाती यावी.