जुना संगणक मोडीत काढण्याआधी : लिनक्स मिंट कसे बसवावे



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहितो. यावेळचा विषय वेगळा आहे, पण तोही तुमच्या खिशाशीच निगडित आहे. गटागटांत फिरताना अलीकडे बरेच सभासद विचारतात, "साहेब, घरचा संगणक आता चालायचा नाही म्हणतात. नवीन घ्यावा लागंल का?" संगणक तर चालू असतो. मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेला असतो, त्यातच सातबाराचे उतारे, ऊसबिलाचा हिशेब, ठिबकची कागदपत्रे आणि लग्नकार्याचे फोटो साठवलेले असतात. यंत्र शाबूत असताना ते भंगारात घालायचे का, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्ही स्वतः करून पाहिले आहे, म्हणून हा लेख.

आधी प्रश्न कुठून आला ते पाहू. संगणकाच्या यंत्राकडून काम करून घेणारा जो मूळ कार्यक्रम असतो, त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. तोडणीच्या टोळीत मुकादम जे काम करतो, तेच हिचे काम. कोणी कुठे लागायचे, कोणाला काय द्यायचे, हे ती ठरवते. आपल्याकडच्या बहुतेक संगणकांवर विंडोज असते. २०१५ साली आलेल्या विंडोज १० ची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. नाव नोंदवणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना काही काळाची वाढीव मुदत जाहीर झाली, पण ती तात्पुरतीच. मुदत संपली म्हणजे संगणक बंद पडत नाही. मात्र चोरवाटा बुजवणाऱ्या सुधारणा येणे थांबते. ज्या यंत्रावरून आपण बँकेचे व्यवहार करतो, ते असे उघडे ठेवणे बरे नव्हे. पुढच्या विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे साधारण २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक त्यात बसत नाहीत.

अशा यंत्राला दुसरा मुकादम मिळू शकतो. त्याचे नाव लिनक्स. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली त्याचा गाभा लिहिला आणि सर्वांसाठी खुला केला. त्याआधी १९८३ पासून अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ या नावाने अशाच खुल्या कार्यक्रमांचे काम सुरू केले होते. दोन्ही मिळून आजची सिस्टिम उभी राहिली. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संस्थेने ‘बॉस’ नावाची लिनक्सची भारतीय आवृत्ती तयार केली. तेव्हा ही वस्तू काही परकी किंवा कालची नाही.

तिला ‘मुक्त’ म्हणतात ते नुसती फुकट मिळते म्हणून नव्हे. आपण को ८६०३२ चे चांगले बेणे शेजाऱ्याकडून आणतो, आपल्या रानात वाढवतो आणि पुढे तिसऱ्याला देतो. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. इथेही तसेच आहे. वापरा, आत काय आहे ते तपासा, हवा तो बदल करा आणि दुसऱ्याला द्या, असे चार हक्क परवान्यातच लिहून दिलेले आहेत. चोरून मिळवलेल्या विंडोजबरोबर रोग घरात येतो, तसा प्रकार इथे करण्याची गरजच उरत नाही.

लिनक्सचे अनेक वाण आहेत. नवख्या माणसाला आम्ही लिनक्स मिंट सुचवतो. २००६ पासून ते निघते आणि उबुंटू या दुसऱ्या प्रसिद्ध वाणाच्या पायावर उभे आहे. त्याची मांडणी विंडोजसारखीच, म्हणजे खाली पट्टी आणि कोपऱ्यात मेनू अशी असल्याने हात लवकर बसतो. मिंटची २२ वी आवृत्ती जुलै २०२४ मध्ये आली आणि तिला २०२९ पर्यंत सुधारणा मिळणार आहेत. तिला कमीत कमी २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा लागते. ४ जीबी रॅम आणि १०० जीबी जागा असेल तर काम सुखाने होते. यंत्र अगदीच मंद असेल, तर मिंटची ‘एक्सएफसीई’ ही हलकी आवृत्ती घ्यावी. यंत्र मात्र ६४ बिटचे असले पाहिजे.

आता सर्वात महत्त्वाचे सांगतो, आणि आमची चूक सांगूनच सांगतो. घरच्या संगणकावर पहिल्यांदा मिंट बसवताना आम्ही घाईने ‘इरेज डिस्क’ हा पर्याय निवडला. फोटो ‘डी’ ड्राइव्हमध्ये आहेत, ते राहतील, असे वाटले. राहिले नाहीत. ‘सी’ आणि ‘डी’ या बहुधा एकाच डिस्कच्या दोन वाटण्या असतात. बांध घातला म्हणून जमीन वेगळी होत नाही. डिस्क पुसली की दोन्ही पुसल्या जातात. आमच्या वडिलांचे शेवटच्या दोन वर्षांतले फोटो त्यात होते. ते पुन्हा मिळाले नाहीत. म्हणून हात जोडून विनंती आहे, की आधी सगळी कागदपत्रे आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवा. नंतर ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून चार फायली उघडून पाहा. त्यानंतरच पुढचे काम हाती घ्या.

पुढची कृती क्रमाने अशी :

१) मिंटची आयएसओ फाइल फक्त मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावी. ती सुमारे ३ जीबीची असते. उतरल्यावर तिचा एसएचए-२५६ हा पडताळणीचा आकडा संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळवून पाहावा. हे जास्तीचे काम वाटेल, पण फेब्रुवारी २०१६ मध्ये खुद्द मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी होऊन काही लोकांच्या माथी बनावट फाइल मारली गेली होती. बेणे कुठल्या प्लॉटमधले आहे हे विचारल्याशिवाय आपण लागण करत नाही. तोच नियम इथे पाळा.

२) ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्यावा. त्यातले सगळे पुसले जाते, म्हणून तो रिकामा असावा. विंडोजवर ‘रुफस’ किंवा ‘एचर’ हा कार्यक्रम घेऊन आयएसओ त्यावर लिहावी. फाइल नुसती कॉपी केली तर उपयोग होत नाही.

३) पेन ड्राइव्ह लावून संगणक बंद करून पुन्हा चालू करावा. चालू होताना एफ १२, एफ ९ किंवा एस्केप यांपैकी एक कळ दाबली की ‘कुठून सुरू करू’ अशी यादी येते. कळ कंपनीगणिक बदलते. यादीतून पेन ड्राइव्ह निवडावा.

४) आता मिंट पेन ड्राइव्हवरूनच चालू होते. डिस्कला अजून हात लागलेला नसतो. हाच तुमचा प्रात्यक्षिक प्लॉट. वाय-फाय लागते का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखला जातो का, पडदा नीट दिसतो का, हे पाहा. फायरफॉक्स उघडून सातबारा काढून पाहा. लिब्रे ऑफिसमध्ये तुमच्या हिशेबाची फाइल उघडा. पेन ड्राइव्हवरून काम थोडे हळू चालते, त्याने नाउमेद होऊ नका. इथे केलेले काम संगणक बंद केल्यावर राहत नाही, एवढे ध्यानात ठेवा. दोन-चार दिवस असे वापरून मगच निर्णय घ्या. नाही पटले तर पेन ड्राइव्ह काढा, विंडोज जागच्या जागी आहे.

५) पटले, तर पडद्यावरच्या ‘इन्स्टॉल’ चित्रावर क्लिक करावे. भाषा, कळफलक आणि वेळ विचारली जाते. मग खरा प्रश्न येतो, की विंडोजच्या शेजारी बसवायचे की डिस्क पुसून. डिस्कवर जागा असेल तर सुरुवातीला शेजारीच बसवा. मग संगणक चालू करताना कोणती सिस्टिम हवी ते निवडता येते. पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा.

६) बसवून झाल्यावर दोन कामे त्याच दिवशी करावीत. ‘अपडेट मॅनेजर’ उघडून सुधारणा घ्याव्यात, आणि ‘टाइमशिफ्ट’मध्ये सिस्टिमची नोंद ठेवावी. पुढे काही बिघडले तर मागच्या स्थितीला परत जाता येते. टाइमशिफ्ट मुख्यतः सिस्टिम सांभाळते, तुमचे फोटो नव्हे. त्यांची प्रत वेगळीच ठेवायची. मराठी लिहिण्यासाठी कळफलकाच्या यादीतून मराठी इनस्क्रिप्ट जोडावा.

अडचणी लपवून ठेवणे आम्हाला पटत नाही. टॅलीसारखे कार्यक्रम विंडोजसाठी बनवलेले आहेत, ते मिंटवर सरळ चालत नाहीत. डिजिटल सहीच्या टोकनला काही वेळा त्रास होतो. काही प्रिंटर लगेच चालतात, काही चालतच नाहीत. युनिकोडपूर्वीच्या मराठी फॉन्टमधल्या जुन्या फायली, तो फॉन्ट नसेल तर वाचता येत नाहीत. ज्यांचा धंदा अशा कामांवर अवलंबून आहे, त्यांनी विंडोज पूर्ण काढू नये. आणि अडले तर कोणीतरी सांगितलेली आज्ञा अर्थ न समजता टर्मिनलमध्ये टाकू नये. बाटलीवरची चिठ्ठी न वाचता औषध फवारण्यासारखेच ते आहे.

पण ज्या घरी मुलांचा अभ्यास, पत्रव्यवहार, हिशेब आणि इंटरनेट एवढेच काम आहे, तिथे जुना संगणक आणखी काही वर्षे चांगला चालेल. नव्या यंत्राचा पैसा मग ठिबकच्या नळ्यांना, हिरवळीच्या खताला किंवा मुलीच्या फीला लागेल. एकाने शिकावे आणि शेजारच्या दोघांना शिकवावे. सहकार आपल्याला नवा नाही.

ज्यांना पेन ड्राइव्ह तयार करणे जमत नाही, त्यांनी रिकामा पेन ड्राइव्ह घेऊन गट कार्यालयात यावे, आम्ही भरून देऊ. मात्र फोटोंची प्रत काढून झाली का, हे आम्ही पहिल्यांदा विचारणार.

आपला,
ऊस विकास अधिकारी